स्प्रिंग बदल म्हणे!

स्वस्तातली स्प्रिंगची एअरगन घेतली (स्प्रिंग पिस्टन ढकलते, पिस्टन हवा दाबतो, हवा छर्रा उडवते), हाच माझा गुन्हा. छर्रा कुठेही जाऊ दे, सल्ला एकच: "स्प्रिंग जड टाक, पॉवर वाढेल!" अरे, १० मीटरवर कागद लावतो मी, गेंडा मारायचाय का? जड स्प्रिंगनं धक्का वाढतो, पिस्टन आपटतो, पिस्टनच्या तोंडाचा वॉशर फाटतो, स्कोप (नेमाची दुर्बीण) हलतो. पण ऐकतंय कोण?

दुसरा म्हणाला, "तेल सोड." सोडलं. पुढच्याच बाराला फाट्कन आवाज आणि नळीतून धूर! दाबलेली हवा तापते, तेल पेटतं, हे त्याच्या गावीही नाही. तिसऱ्या महाभागानं तर छर्रा न घालताच चारदा चाप ओढला. "आवाज बघतोय" म्हणे! छर्रा नसला की पिस्टन आपटतोच; सील, म्हणजे तोच वॉशर, काय तुझ्या काकानं आणून दिलंय?

आणि कारखान्याची करणी! पिस्टनच्या खाचेला अशी धार, की कोथिंबीर चिरावी. स्प्रिंग आणि तिच्या आतल्या दांड्यात, म्हणजे गाईडमध्ये, करंगळी जाईल एवढी फट (बरं, अर्धी करंगळी), म्हणून दर बाराला टुंईंऽऽग! शेवटी कानशीनं धार घासून काढली, लेथवर घट्ट गाईड करून घेतला, चिमूटभर मॉली (मॉलिब्डेनमचं) ग्रीस लावलं. टुंईंग गेलं, छर्रे एका जागी पडायला लागले.

लगेच शेजारचे भाऊ हजर: "ते ठीक आहे, पण पॉवर किती वाढली?"