‘अंडरमाइन’ म्हणजे उघड विरोध नव्हे

इंग्रजी वर्तमानपत्रांत ‘अंडरमाइन’ (पाया खिळखिळा करणे) हे क्रियापद हल्ली इतके सैल वापरले जाते की, एखाद्या सभासदाने भर सभेत अध्यक्षांना हिशेब विचारला तरी त्याने संस्था ‘अंडरमाइन’ केली, असे छापून येते. मला हा वापर चुकीचा वाटतो, आणि त्याचे कारण त्या शब्दाच्या जन्मातच आहे.

हा शब्द वेढ्याच्या युद्धातला. तटाच्या पायाखाली भुयार खणायचे, वरचा भार पेलण्यासाठी लाकडी टेकू देत पुढे सरकायचे आणि शेवटी ते टेकूच पेटवून द्यायचे. मग तट आपल्याच वजनाने खाली येतो. 1215 साली इंग्लंडच्या जॉन राजाने बंडखोर सरदारांच्या ताब्यातील रॉचेस्टरच्या किल्ल्यावर हाच उपाय केला. बुरुजाखाली आग लावण्यासाठी, सर्वांत चरबीदार पण खाण्याच्या फारशा उपयोगाची नसलेली 40 डुकरे रात्रंदिवस एक करून पाठवावीत, असे त्याचे 25 नोव्हेंबरचे आज्ञापत्र आहे. (खाण्याजोगी डुकरे वाचवण्याची ही दक्षता मला त्या युद्धाहून अधिक लक्षात राहिली आहे.) बालेकिल्ल्याचा आग्नेय कोपरा ढासळला, पुढे तो गोलाकार बांधला गेला, म्हणून तेथील तीन कोपरे चौकोनी आणि एक गोल दिसतो. आतली शिबंदी मात्र मधल्या भिंतीआडून लढत राहिली आणि अन्न संपल्यावरच शरण आली.

‘सॅप’ (हळूहळू बळ खच्ची करणे) हे क्रियापदही याच घराण्यातले. ते फ्रेंचमार्गे इटालियन ‘झाप्पा’पर्यंत, म्हणजे कुदळीपर्यंत जाते. खडकीच्या बॉम्बे सॅपर्स या लष्करी अभियंत्यांच्या दलाच्या नावात ती कुदळ अजून आहे.

मराठीत याला ‘सुरुंग लावणे’ म्हणण्याचा मोह होतो. संस्कृतातील ‘सुरुंगा’ म्हणजे निव्वळ भुयार होते हे खरे. पण 1660 मध्ये शाइस्तेखानाच्या फौजेने चाकणचा बुरूज उडवला तोवर सुरुंगात दारू भरली गेली होती, आणि आज त्या शब्दाने स्फोटच आठवतो. ‘पोखरणे’ मला अधिक नेमके वाटते, कारण त्यात आवाज नाही.

उघड टीका करणारा माणूस तटासमोर उभा असतो. त्याला पाहता येते, उत्तर देता येते. संस्थेचे जाहीर गुणगान करीत तिच्या रिक्त जागा वर्षानुवर्षे न भरणारा आणि तिचे अनुदान अडवून ठेवणारा अधिकारी मात्र टेकूंपाशी असतो. ‘अंडरमाइन’ हे क्रियापद त्याच्यासाठी राखून ठेवावे.