बहुध्रुवीय जगावर गजाली कशा माराव्यात

१ जूनला मासेमारी बंद झाली, होड्या वर ओढल्या, की देवगड बंदरावर दोन महिने माणसाला काम काय? जाळी शिवायची नाहीतर जगाची घडी बसवायची. जाळी शिवायला डोळे लागतात, घडी बसवायला काहीच लागत नाही, तेव्हा तुम्ही दुसरं काम घ्या. थोडी तयारी मात्र हवी, कारण हल्ली प्रत्येकाच्या मोबाईलमध्ये एक रिटायर्ड जनरल बसलेला असतो.

पहिलं म्हणजे जगात ध्रुव, म्हणजे महासत्ता, दोन की अनेक हे घरून ठरवून निघू नका. कट्ट्यावर कोण बसलंय ते बघा. रिटायर्ड मास्तर असतील तर "दोन ध्रुवांचा जमाना काय होता हो!" म्हणून एक सुस्कारा टाका, ऑगस्ट १९७१ चा सोव्हिएत करार काढा, डिसेंबरात बंगालच्या उपसागराकडे निघालेलं अमेरिकन आरमार काढा, मास्तर चहा सांगतात. वर केनेथ वॉल्ट्झ या अमेरिकन राज्यशास्त्रज्ञाचं नाव टाका, त्याने १९६४ साली लिहिलंय की महासत्ता दोनच असल्या की कोणाला कोणापासून धोका ते स्पष्ट असतं, गोंधळ कमी, म्हणून जग स्थिर. आणि समोर ब्रिक्सवाली (म्हणजे ब्राझील, रशिया, भारत, चीन वगैरेंच्या गटावर भरवसा असलेली) तरुण पोरं असतील तर काळजी नको, त्याच १९६४ साली डॉइच आणि सिंगर या दोघा अभ्यासकांनी बरोब्बर उलटं मांडून ठेवलंय, सत्ता जितक्या जास्त तितकं प्रत्येकाचं लक्ष वाटलं जातं, कोणी एकाच्याच मागे हात धुऊन लागत नाही, म्हणून युद्धाची शक्यता कमी. एकाच सालचा माल, दोन्ही गिऱ्हाइकांना चालतो. फक्त मास्तरांसमोर कोरिया, व्हिएतनाम, अंगोला ही नावं काढायची नाहीत, त्या स्थिर जगात तिथे लाखो माणसं मेली आणि बैठकीचा मूड जातो. पोरांसमोर १९१४ काढायचं नाही, तेव्हाही युरोपात महासत्तांची काही टंचाई नव्हती.

बहुध्रुवीय जग पाहिजे असं म्हणताना ते कोणाला पाहिजे हे विचारू नका. एप्रिल १९९७ मध्ये रशियाचे येल्त्सिन आणि चीनचे च्यांग झेमिन यांनी मॉस्कोत बसून बहुध्रुवीय जगाचं संयुक्त निवेदन काढलं, आणि तेव्हापासून हा शब्द ज्या ज्या देशाला आवडलाय त्याने त्या ध्रुवांच्या यादीत आपलं नाव आधी लिहून घेतलेलं आहे. जग बहुध्रुवीय हवं पण आशिया आपला एकट्याचा, हे चीनचं. मग आपण रागावून सांगतो की आशियाही बहुध्रुवीयच हवा. दक्षिण आशियाचं काय? तो विषय आला की भजी गार होतायत म्हणायचं आणि नेपाळ, मालदीवपर्यंत चर्चा पोचू द्यायची नाही.

स्थानिक उदाहरण दिलंत की भाव वाढतो. आपल्याकडे तर तयारच आहे, पण ते अर्धंच द्या. सतराव्या-अठराव्या शतकात हा किनारा म्हणजे बहुध्रुवीय जगाचं प्रदर्शन होतं, मुंबईत इंग्रज, गोवा-वसई-चौलला पोर्तुगीज, जंजिऱ्याला सिद्दी, वेंगुर्ल्याला डचांची वखार, आणि मधे आंग्रे. कान्होजींचा परवाना घेतल्याशिवाय गलबत पुढे जाईना. १७२१ साली इंग्रज आणि पोर्तुगीज मिळून अलिबागच्या कुलाबा किल्ल्यावर चालून आले आणि हात हलवत परत गेले. इथे थांबायचं. टाळ्या घ्यायच्या, कुणीतरी स्टेटसला टाकेलच.

पुढे गेलात की संपलात. कारण पुढे १७५६ येतं आणि ते विजयदुर्गालाच घडलंय, म्हणजे आपल्याच तालुक्यात, लपवायचं तरी कुठे. कान्होजींचा मुलगा तुळाजी डोईजड झाला म्हणून नानासाहेब पेशव्यांनी इंग्रजांना हाताशी धरलं. आजच्या भाषेत मल्टी-अलाइनमेंट, मुद्द्यापुरती मैत्री. फेब्रुवारीत समुद्रातून वॉटसन आणि जमिनीवरून क्लाइव्ह, आणि आंग्र्यांचं आरमार बंदरातच जळून गेलं. तुळाजी उरलेलं आयुष्य कैदेत. किल्ला पेशव्यांना द्यायचा ठरलेला, तर इंग्रज महिनोन्महिने सोडायलाच तयार नाहीत, शेवटी बाणकोट पदरात पडलं तेव्हा सोडला. ६२ वर्षांनी पेशवाई गेली तेव्हा इंग्रजांना अडवायला या किनाऱ्यावर आरमार कुठलं असणार? गडावर पर्यटकांना फिरवणाऱ्या पोरांना हे सगळं तोंडपाठ असतं, त्यांना बैठकीला बोलवू नका.

जुना इतिहास नको असेल तर हायवेने खाली या. १९९१ च्या डिसेंबरात सोव्हिएत युनियन गेलं आणि १९९२ च्या जूनमध्ये दाभोळच्या विजेसाठी अमेरिकेच्या एन्रॉन कंपनीशी करार, म्हणजे एकध्रुवीय जगाची पहिली एसटी आमच्याकडेच थांबली. २००१ च्या डिसेंबरात एन्रॉनच दिवाळखोरीत गेली. मग जैतापूर, सहा फ्रेंच अणुभट्ट्या, प्रत्येकी १६५० मेगावॅट, २०१० साली फ्रान्सचे तेव्हाचे अध्यक्ष सार्कोझी स्वतः भारतात आले तेव्हा करार झाले, भट्टी अजून एकही उभी नाही. मग २०१८ ला नाणारच्या तेल रिफायनरीसाठी सौदीची अरामको आणि अबू धाबीची अ‍ॅडनॉक, पुढच्याच वर्षी तो गाशा गुंडाळला, मग त्याच रिफायनरीसाठी बारसूचा सडा. अमेरिका झाली, फ्रान्स झाला, अरब झाले. रशिया तेवढा राहिला, पण तो शेजारी गोव्यात मोरजीला समुद्रावर पडलेला असतो. अख्खी जागतिक व्यवस्था आमच्या सातबाऱ्यावर येऊन गेली आणि तुम्ही म्हणता कोकणात काही होत नाही!

आंबेवाल्यांशी बोलताना जरा जपून, कारण ध्रुव मोजायला त्यांच्याकडे पक्कं माप आहे. त्याच कलमाचा हापूस अमेरिकेला पाठवायचा तर गॅमा किरणांखाली, किमान ४०० ग्रे एवढी मात्रा, आणि ते बघायला अमेरिकेचा इन्स्पेक्टर इथे येऊन उभा. जपानला पाठवायचा तर गरम वाफ. युरोपला ४८ अंशांच्या पाण्यात तासभर आंघोळ, कारण २०१४ मध्ये पेट्यांत फळमाशी सापडली म्हणून त्यांनी सगळाच आंबा बंद केला होता, तो २०१५ च्या जानेवारीत सुटला. ध्रुव वाढले म्हणजे बागायतदाराला गिऱ्हाइकं वाढली असं तुम्ही उत्साहाने सांगणार, आणि तो शांतपणे विचारणार की प्रत्येक आंघोळीचं बिल कोणाच्या नावे फाडू. अशा वेळी ग्लोबल साऊथ, म्हणजे विकसनशील देशांची मोट, हा शब्द वापरा. उत्तर नाही ते, पण वेळ जातो.

कोळंबीचं तर बोलूच नका. ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकेने आपल्या मालावरचा टॅरिफ ५० टक्क्यांवर नेला, त्यातले २५ आपण रशियाचं तेल घेतो म्हणून. बिचाऱ्या कोळंबीने तेल पाहिलेलंही नव्हतं. चीन तेव्हा आपल्यापेक्षा जास्त रशियन तेल घेत होता, त्याला हा दंड नव्हता. ऑक्टोबरच्या शेवटी बुसानमध्ये शी जिनपिंगना भेटायच्या आधी ट्रम्पनी जाहीर करून टाकलं की जी-टू ची बैठक भरतेय. म्हणजे टेबलाला खुर्च्या दोनच. त्याच २०२५ च्या जानेवारीत त्यांचेच परराष्ट्रमंत्री रुबिओ म्हणाले होते की जग पुन्हा बहुध्रुवीय होतंय. कोणी हा विरोधाभास दाखवलाच तर घाबरायचं नाही, "सध्या ट्रान्झिशन चालू आहे" असं म्हणा, हे वाक्य कुठल्याही वर्षी चालतं.

आकडा एक तरी फेकावा लागतो. जगाचा लष्करी खर्च मोजणाऱ्या स्टॉकहोमच्या सिप्री संस्थेचा घ्या: २०२४ मध्ये जगाने लष्करावर २७१८ अब्ज डॉलर उडवले, त्यात अमेरिका ९९७ आणि चीन अंदाजे ३१४, दोघांत मिळून जवळजवळ निम्मे. द्विध्रुवीयवाले नाचतील. मग लगेच भारताचे ८६ सांगून पाचवा नंबर म्हणायचं, बहुध्रुवीयवाले नाचतील. पाचव्यात आणि पहिल्यात साडेअकरा पटीचा फरक आहे हा हिशेब कट्ट्यावर कोणी करत नाही, कॅल्क्युलेटर काढला की मैत्री तुटते.

एवढं सगळं करून तुम्ही रंगात आलेले असताना कोपऱ्यात जाळं शिवणारा एखादा म्हातारा तांडेल मान वर न करता विचारणार, "ता सगळा खरा रे, पण रशियाचा त्याल सवाय गावता तर माझा डिझेल कधी स्वस्त होतला?" याच्यावर वॉल्ट्झचंही काही नाही आणि सिंगरचंही नाही. "आबा, तो द्विपक्षीय विषय आहे," म्हणायचं आणि उठायचं. चहाचे पैसे कोणी द्यायचे यावर मात्र ठाम अलिप्ततावाद, अलिप्त देशांच्या बेलग्रेडच्या पहिल्या परिषदेपासूनची, म्हणजे १९६१ पासूनची परंपरा आहे आपली.