सोमवारपासून नक्की

धावायला सुरुवात कशी करावी हे सांगायचा अधिकार मला आहे, कारण मी ती आजवर चौदा वेळा केली आहे. नियमित धावणाऱ्यांना याबद्दल चुकूनही विचारू नका. त्या बिचाऱ्यांनी सुरुवात एकदाच केलेली असते, तीही कधीकाळी, आणि त्यातलं त्यांना आठवतं ते एवढंच की ‘बूट घातले आणि बाहेर पडलो’. याला काय मार्गदर्शन म्हणायचं? सुरुवातीचे बारकावे माझ्याकडे आहेत. आरंभशूर हा शब्द लोक टोमणा म्हणून वापरतात. त्यात ‘शूर’ आहे हे विसरतात.

तर तुम्ही कामात बुडालेले आहात आणि त्यातून धावणं बसवायचं आहे. आधी आपण बुडालेले आहोत हे पक्कं धरून ठेवा आणि कुणाला त्याची बेरीज करू देऊ नका. बेरीज फार घातक. आठवड्यात १०,०८० मिनिटं असतात. नवशिक्याचं धावणं म्हणजे आठवड्यातून तीनदा, दर वेळी अर्धा तास. झाली ९० मिनिटं. शंभरातला एक भागसुद्धा भरत नाही. असलं गणित एकदा डोक्यात शिरलं की ‘वेळच मिळत नाही हो’ म्हणताना जीभ अडखळते, आणि ते वाक्य तर आपल्याला रोज लागतं.

जागतिक आरोग्य संघटनेनेही आपल्यासाठी फारसं काही ठेवलेलं नाही. मोठ्या माणसाने आठवड्याला मध्यम जोराचा व्यायाम निदान १५० मिनिटं करावा, किंवा चांगला दमवणारा ७५ मिनिटं, असं तिचं म्हणणं. पूर्वी यात एक सोय होती. सलग दहा मिनिटं व्यायाम झाला तरच तो धरायचा. त्यामुळे ‘सलग दहा मिनिटं आणू कुठून?’ असं तोंड वर करून विचारता यायचं. २०२० मध्ये ती अटही काढून टाकली. आता जिन्यावरची दोन मिनिटंसुद्धा चालतात म्हणे. होती नव्हती ती पळवाट बुजवली, आणि वर आपल्यालाच सांगतात, पळा.

म्हणून तुम्ही स्वतःचीच अट घाला. सलग, निवांत, फोन न वाजणारा आणि मन प्रसन्न असलेला एक तास मिळाला तरच मी धावीन. असा तास सहसा मिळत नाही. मला एकदाच मिळाला, आणि तेव्हा चक्क दोन मिळाले. १२ ऑक्टोबर २०१९ ला व्हिएन्नात केनियाचा धावपटू एलियुड किपचोगे मॅरेथॉनचं अंतर, म्हणजे ४२.१९५ किलोमीटर, दोन तासांच्या आत पळून दाखवणार होता. मी पडद्यासमोर बसलो. १ तास ५९ मिनिटं ४० सेकंद. त्याने वेग सोडला नाही, मी जागा सोडली नाही. वेग राखून द्यायला आळीपाळीने साथीदार घेतले होते, वगैरे कारणांनी ती वेळ अधिकृत विक्रमात धरली गेली नाही. माझ्या बसण्याचीही कुणी नोंद घेतली नाही, पण मी त्याचा गाजावाजा करत नाही.

वेळ सकाळचीच निवडा. संध्याकाळी धावायचं म्हटलं तर दिवसभर डोक्यावर टांगती तलवार. सकाळचं ठरवलं की सहापर्यंत निकाल लागतो आणि पुढचा दिवस मोकळा. तयारी मात्र आदल्या रात्री करा, आणि मन लावून करा. मी ट्रॅकपँटची घडी घालून खुर्चीवर ठेवतो, तिच्यावर टी-शर्ट, त्यावर मोजे, एकात एक गुंडाळलेले. बूट दाराशी, चवडे बाहेरच्या दिशेला. मग जरा लांब उभा राहून बघतो. त्या खुर्चीवर कुणी सडपातळ, चपळ माणूस बसलाय असं वाटतं, आणि त्याच्याकडे बघून इतकं समाधान होतं की प्रत्यक्ष धावून याहून जास्त काय मिळणार?

अलार्म तीन लावा. मी ५:१०, ५:२० आणि ५:३० चे लावतो. पहिल्याने जाग येते, दुसऱ्याने राग येतो, तिसरा बायको बंद करते. एखाद्या दिवशी उठलातच, तर पलंगाच्या कडेला बसून एक मोजा चढवा आणि दुसरा हातात धरून फोनवर हवामान बघा. पावसाची शक्यता ३० टक्के. तीस म्हणजे काही थोडी नाही. इअरफोन तेवढ्यात चार टक्क्यांवर आलेले दिसतात. चार टक्क्यांत माणूस ऐकणार काय आणि धावणार काय? एका पायात मोजा घालून मी परत झोपलेलो आहे. उबदार वाटतं.

बुटांचा अभ्यास हवा. टाच आणि चवडा यांच्या उंचीत किती मिलिमीटर फरक असावा, आपलं पाऊल आत कलतं की बाहेर, तळ मऊ घ्यावा की टणक, यावर मी तीन आठवडे वाचत होतो. तेवढ्यात नऊ वेळा धावून झालं असतं असं कुणी म्हणेल, पण ते अडाण्यासारखं झालं असतं. १९६० च्या रोम ऑलिंपिकमधली मॅरेथॉन अबेबे बिकिला अनवाणी पळाला आणि सुवर्णपदक घेऊन गेला. ही माहिती घरात सांगू नका, निदान बुटांचे हप्ते फिटेपर्यंत.

घड्याळही हवंच. ठोके, पावलं, अंतर, पेस, झोप, सगळं मोजणारं. त्याच्याशिवाय धावणं म्हणजे पावतीशिवाय देणगी. जे घड्याळाने मोजलं नाही ते शरीराने केलंच नाही, एवढं तत्त्व पक्कं धरा.

आता कार्यक्रम. १९९६ मध्ये जॉश क्लार्क यांनी सोफ्यावरच्या माणसाला पाच किलोमीटरपर्यंत नेणारा नऊ आठवड्यांचा कार्यक्रम आखला. नवशिक्यांसाठी निघालेल्या कितीतरी अ‍ॅपमध्ये तोच या ना त्या रूपात भेटतो. त्याचा पहिला आठवडा वाचून माझा तर अपमानच झाला. पाच मिनिटं भरभर चाला, मग ६० सेकंद धावा, ९० सेकंद चाला, असं वीस मिनिटं. म्हणजे एकूण आठ वेळा धावणं, तेही मिनिट-मिनिट! इतक्या भारी बुटांनी मिनिटभर धावून थांबायचं, हे बघणाऱ्याला काय वाटेल?

तुम्ही थेट पाच किलोमीटरला हात घाला, आणि वेग असा ठेवा की तोंडातून शब्द फुटता कामा नये. जाणकार उलट सांगतात. धावता धावता अख्खं वाक्य बोलता आलं पाहिजे, नाही आलं तर आणखी सावकाश, प्रसंगी चालण्याइतकं सावकाश. पण सावकाश धावणाऱ्याला शेजारी ओळखतात, थांबवून विचारपूस करतात. सुसाट गेलात तर निदान चेहरा दिसत नाही.

सुसाट गेल्यावर थोड्याच वेळात बरगडीखाली कळ येईल. पुढच्या दोन-चार खेपांत नडगीची आतली कड ठणकायला लागेल. घाबरू नका, इथपर्यंत पोहोचायचंच होतं. हृदय आणि फुप्फुसं काही आठवड्यांत जोर धरतात; हाडं आणि कंडरा सावकाश चालणाऱ्या सरकारी फायलीसारख्या, त्यांना महिने लागतात. छाती म्हणते चल, नडगी म्हणते बस. अशा वेळी नडगीचं ऐकावं आणि महिनाभर ऐकत राहावं. ही रजा लंगडत मागता येते, त्यामुळे कुणी नाही म्हणत नाही. शिवाय ‘धावताना दुखावलंय’ हे वाक्य तुमच्या मालकीचं होतं. जे मुळात धावतच नाहीत त्यांच्या नशिबात ते नाही.

कार्यक्रमातला मला मनापासून पटलेला भाग म्हणजे विश्रांती. दोन धावांमध्ये एक दिवस तरी आराम हवा, तेवढ्यात स्नायू डागडुजी करून घेतात. हा नियम मी काटेकोर पाळतो. विश्रांतीचा एकही दिवस मी आजवर चुकवलेला नाही.

धावण्याचा दिवस चुकला तर? लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या संशोधकांनी ९६ जणांना बारा आठवडे एकेक नवी सवय लावून घ्यायला सांगितली होती. सवय अंगवळणी पडायला सरासरी ६६ दिवस लागतात, कुणाला १८ पुरतात तर कुणाला २५४ लागतील, असा हिशेब त्यातून निघाला. मध्ये एखादा दिवस हुकल्याने फारसं बिघडत नाही, असंही निघालं. हे शेवटचं वाक्य तुम्ही वाचलंच नाही असं समजा. एक दिवस हुकला की आठवडा नासला, तक्ता बाटला, केलेलं सगळं मातीत गेलं. आता नव्याने, पहिल्यापासून, सोमवारपासून. गुरुवारपासून का नाही, हे मला अजून कुणी विचारलेलं नाही. सोमवारी महिन्याची एक तारीख आली तर दुधात साखर, पण असा योग वर्षातून एकदा, फार तर तीनदा येतो. घाईने साधा सोमवार खर्च करू नका.

माझी पंधरावी सुरुवात परवाच्या सोमवारी व्हायची होती. रविवारी संध्याकाळी मी तक्ता रंगवत बसलो होतो, तेवढ्यात मुलगी सायकल घेऊन दारात हजर. आधाराची छोटी चाकं काढली होती. आता मागून तू धर, म्हणाली. मला अजिबात वेळ नव्हता, पण गेलो. पायात घरातल्या चपला. सीट मागून धरायची, कमरेत वाकायचं आणि तिच्या बरोबरीने पळायचं. ‘सोडू नकोस हं बाबा! सोडलं नाहीस ना? बोल ना!’ त्यामुळे पळता पळता सारखं बोलावंही लागत होतं. ‘धरलंय, धरलंय, पायाकडे नको बघू, समोर बघ.’ विजेच्या खांबापासून कोपऱ्यावरच्या फाटकापर्यंत मिनिटभर. मग सायकल वळवायची, तिचा गुडघा झटकायचा, रडायचं की नाही ते ठरू द्यायचं आणि चालत खांबाशी परत यायचं, त्यात दीडेक मिनिट. की पुन्हा फाटक. सातव्या की आठव्या खेपेला मी सीट सोडली होती आणि तिला पत्ता नव्हता. मी आपला शेजारून पळत ‘धरलंय’ म्हणत होतो.

अंधार पडल्यावर घरी आलो. घड्याळ चार्जिंगला होतं, तेव्हा त्या संध्याकाळची कुठेच नोंद नाही.

सोमवारी सकाळी उठवेना. मांड्या अशा भरून आल्या होत्या की जिना उतरताना कठडा धरावा लागला. मंगळवारी त्याहून जास्त. काहीएक न करता असं कसं झालं, मला समजेना. नवी दुखापत म्हटल्यावर सुरुवात अर्थातच पुढच्या सोमवारवर ढकलली. रात्री मुलगी विचारत होती, ‘बाबा, उद्या परत येशील? आणि मग परवाच्या परवा?’

मी तिला जवळ घेऊन समजावलं, ‘बाळा, इतका वेळ कुठून आणू? बाबाला आता धावायला सुरुवात करायची आहे.’