नळी गरम असेल तर त्याला पळवू नका

माझा मामा सईस होता, रेसच्या घोड्यांची देखभाल करायचा. पावसाळ्यात पुण्याला, हिवाळ्यात मुंबईला, घोडे जातील तिकडे तो. नाताळच्या सुट्टीत मी त्याच्याकडे राहायला जायचो. पहाटे चारला तबेल्यात गेलं की दाणा-चंदी आणि अंगाला खरारा नंतर. आधी तो घोड्यापुढे उकिडवा बसून पुढच्या पायाच्या नळीवरून, म्हणजे गुडघ्याखालच्या हाडावरून, तळहात सावकाश खाली न्यायचा. डावा पाय, मग उजवा. एकदा माझा हात धरून तिथे टेकवला. "ही थंड आहे. आता ही बघ." दुसरी ताप आल्यासारखी लागत होती. मी जरासं दाबलं तर त्या कुमैत शिंगरानं पाय झटकन मागे घेतला.

दोन वर्षांचं होतं ते. दोन आठवड्यांपूर्वीच पहिली रेस धावलेलं. मामानं वरती सांगून पाहिलं, तरी ते पुन्हा पळालं. नंतर कितीतरी दिवस मामा बादलीत बर्फ घेऊन त्याच्या पायाशी बसलेला असायचा. आपल्याकडे एक जानेवारीला रेसच्या सगळ्या घोड्यांचं वय कागदावर एका वर्षानं वाढतं, तसं तेही तीन वर्षांचं झालं. जन्म एप्रिलचा.

दोन वर्षांच्या घोड्याला पळवूच नये असं म्हणणारे बरेच आहेत. मला ते पटत नाही. गुडघ्याच्या वरचं हाड साधारण दोन-अडीच वर्षांपर्यंत वाढत असतं आणि पाठीचे मणके पक्के व्हायला पाच-सहा वर्षं लागतात, हे खरं. पण कोवळ्या वयात थोडं थोडं वेगात धावलेल्या घोड्याचं हाड जास्त मजबूत होतं, हेही अभ्यासांतून दिसलं आहे. तबेल्यात बांधून ठेवलेला घोडा एकदम जोरात पळवला तर त्याचंही हाड मोडतं.

माझं भांडण दोन रेसमधल्या दिवसांशी आहे. जोरात धावल्यावर हाडात बारीक इजा होते. शरीर आधी तो खराब भाग पोखरून काढतं, मग नवं हाड भरतं. पोखरायला काही आठवडे, भरायला काही महिने. मधल्या काळात ते हाड आधीपेक्षा कच्चं असतं आणि घोडा वरून झकास दिसतो. नेमका तेव्हाच आपण त्याला परत गेटमध्ये उभा करतो.

"पूर्वीचे घोडे किती पळायचे!" असं कुणी म्हटलं की सायटेशनचं नाव निघतंच. अमेरिकेच्या या घोड्यानं तीन वर्षांचा असताना, 1948 साली, 20 रेस धावून 19 जिंकल्या. 1949 मध्ये दुखापतीमुळे तो एकही रेस धावला नाही, हे मात्र कुणी सांगत नाही. जस्टिफाय 2018 मध्ये 18 फेब्रुवारीला पहिल्यांदा धावला आणि 9 जूनला ट्रिपल क्राउन, म्हणजे केंटकी डर्बी, प्रीकनेस आणि बेलमाँट या तिन्ही रेस, घेऊन मोकळा झाला. 111 दिवसांत सहा रेस, सहाही जिंकल्या. जुलैमध्ये घोट्याच्या दुखण्यामुळे निवृत्त. याउलट 2025 मध्ये सॉव्हरिन्टी हा घोडा केंटकी डर्बी जिंकला आणि दोनच आठवड्यांवर आलेल्या प्रीकनेसला त्याचे ट्रेनर बिल मॉट यांनी त्याला उतरवलंच नाही. ट्रिपल क्राउनवर पाणी सोडलं. पाच आठवड्यांनी तो बेलमाँट जिंकला. हा निर्णय मला त्या दोन्ही विजयांपेक्षा मोठा वाटतो.

आपली इंडियन डर्बी मुंबईत महालक्ष्मीला फेब्रुवारीत, चार वर्षांच्या घोड्यांची. इंग्लंडची जूनमध्ये, तीन वर्षांच्यांची. म्हणजे आपल्या घोड्याला सातआठ महिने जास्त मिळतात. हे चांगलंच आहे. पण पहिल्याच हिवाळ्यात त्याला ताणून काढलं तर त्या महिन्यांचा उपयोग काय?

मालकाचीही अडचण मी समजू शकतो. घोडा पळो न पळो, महिन्याचा खर्च चुकत नाही आणि बक्षीस मिळायचं तर पळावंच लागतं. म्हणूनच हे एकेकाच्या मर्जीवर सोडू नये, नियम सगळ्यांना सारखा हवा. पहिल्या सीझनच्या घोड्याला दोन रेसमध्ये किमान चार आठवडे. रेसला नाव देण्याआधी डॉक्टरांनी पाय हातानं तपासायचे. आणि सईसाला विचारायचं, तो काय म्हणाला ते त्याच्या नावानिशी लिहून ठेवायचं. रोज पहाटे त्या पायावर हात त्याचाच असतो.

तुमच्यापैकी कुणी रेसचे घोडे बाळगत असेल तर खाली जरूर लिहा. चार आठवडे का जमणार नाहीत, ते मला ऐकायचं आहे.