रिटर्न वाढले

बूट विकणाऱ्याला पूर्वी दोनच गोष्टी कळाव्या लागत: समोरच्याचा पाय केवढा आहे आणि त्याला तो केवढा वाटतो. मधलं अंतर गोड बोलून मिटवलं की जोड खपला. आता समोर पायच येत नाही. क्लिक येतो. त्याला बसा म्हणता येत नाही की मोजे काढा म्हणता येत नाही, आणि काही न घेता तो निघून गेला तरी त्याचे पैसे आपणच द्यायचे.

आमच्या दुकानाच्या ऑनलाइन जाहिराती भाचा बघतो. एके दिवशी लॅपटॉप माझ्याकडे वळवून तो म्हणाला, "मामा, रिटर्न चार आहे."

"चार काय?"

"शंभर टाकले की चारशेची विक्री."

आयुष्यात कशानेच मला चौपट दिलेलं नाही. मी तो आकडा दिवसभर मनात घोळवला आणि रात्री बायकोसमोर ठेवला. दुकानाची वही ती लिहिते. तिने चष्मा लावला.

"चारशेच्या विक्रीत आपल्याला सुटतात किती?"

"पाव."

"म्हणजे शंभर. ते तर जाहिरातीला गेले. मग खोका, कुरिअर आणि चिकटपट्टी कुणाच्या खिशातून?"

चिकटपट्टीचा विचार मी केलाच नव्हता. सुटणारा नफा पाव असेल, तर जाहिरातीचा चार हा रिटर्न म्हणजे स्वच्छ शून्य. निम्मा सुटत असेल तर दोनलाच बरोबरी. हे गणित मोठ्या मोठ्या कोर्समध्ये शिकवतात म्हणे. आमच्याकडे ते निजण्यापूर्वी, दिवा मालवता मालवता झालं. रिटर्न सुधारायचा, असं मी त्याच रात्री ठरवलं. तिथून माझे हाल सुरू झाले.

पहिल्यांदा कळलं ते हे की गूगलच्या खरेदीच्या जाहिरातीत, म्हणजे काही शोधलं की वस्तूचा फोटो आणि किंमत दाखवतात त्यात, कोणत्या शब्दावर आपण दिसायचं, हे आपण सांगतच नाही. आपण मालाची यादी द्यायची, तिला फीड म्हणतात, आणि ती वाचून यंत्र ठरवतं की कुणाला काय दाखवायचं. आमची यादी मी स्वतः केली होती. त्यात एका ओळीत वस्तूचं नाव होतं: 'एल-२०४ ब्रा. स्पे.' मला आणि गोदामातल्या पोऱ्याला ते पुरेसं होतं. जगात तिसऱ्या कुणालाही पुरेसं नव्हतं. नावाला १५० अक्षरांची मुभा असते, त्यातली पहिली सत्तरेक काय ती लोकांच्या नजरेला पडतात. मी वापरली होती डझनभर, आणि त्यातही बूट हा शब्द नव्हता.

मग बारकोडचा रकाना. आमच्या काही जोडांना तो नव्हताच. रकाना रिकामा सोडणं जिवावर आलं म्हणून मी मनाला येतील ते १३ आकडे ठोकून दिले. यादी लाल होऊन परत आली. तेरावा आकडा आधीच्या बारा आकड्यांवरून हिशेबाने निघतो, त्यामुळे थाप लगेच उघडी पडते, ही माहिती मला भाच्याने फार शांतपणे दिली. फोटोही नापास झाले, कारण प्रत्येक बुटावर मी 'महासेल' असा तिरका शिक्का मारला होता. जाहिरातीच्या फोटोवर जाहिरात चालत नाही. यावर मला पुष्कळ बोलायचं होतं, पण नियम आधी वाचले नव्हते ते मीच.

नावं सुधारली. कंपनी, प्रकार, पुरुषांचे की बायकांचे, चामडं, रंग, साइज असं सगळं ओळीने लिहिलं. दुसऱ्या दिवसापासून क्लिक धो धो. भाच्याने मला अहवाल दाखवला: लोकांनी नेमकं काय शोधलं तेव्हा आपला बूट दिसला. ती यादी एकदा वाचायला लागलं की मालिका सुचत नाही. 'बूट चावतात उपाय.' 'बुटाचा वास कसा घालवावा.' 'बुटाचं चित्र सोपं.' 'हरवलेला एक बूट स्वप्नात दिसणे.' आणि सगळ्यांवर कळस, 'कॉम्प्युटर बूट होत नाही.' त्या बिचाऱ्याचं यंत्र काळ्या पडद्यावर अडकलेलं, आणि त्याच्यासमोर मी तपकिरी चामड्याचा जोड धरून उभा. त्याने क्लिकही केलं होतं. रागाने असेल.

यावर औषध असतं. नको असलेले शब्द लिहून द्यायचे, म्हणजे तो शब्द शोधणाऱ्याला आपण दिसत नाही. भाचा घरी गेल्यावर मी स्वतःच बसलो. 'उपाय' टाकला. 'वास' टाकला. 'चित्र', 'स्वप्न', 'फुकट', 'दुरुस्ती' टाकले. नको म्हणण्यात एक नशा असते, विशेषतः ज्याने उभा जन्म गिऱ्हाइकाला हो म्हणण्यात घालवला त्याला. शेवटी त्या कॉम्प्युटरवाल्याचा बंदोबस्त म्हणून मी 'बूट' टाकला.

दुसरा दिवस फार शांत गेला. खर्च नावालाच, विक्री शून्य.

संध्याकाळी वही मिटताना बायको म्हणाली, "अहो, या महिन्यातला आपला सगळ्यात फायद्याचा दिवस आजचा."

भाच्याने मग शब्दांची किल्ली माझ्याकडून काढून घेतली आणि मला एकच आकडा दिला: यंत्राला सांगायचं की किती रिटर्न हवा. मी बारा लिहिलं. मागायचंच तर हात कशाला आखडायचा? यंत्राने मुकाट्याने जाहिरात दाखवणंच सोडून दिलं. बारा पट देईल असं गिऱ्हाईक त्याला दिसेना, मग ते कुणासाठी पैसे खर्च करणार? मी आठवर आलो. दुपारी सहा. रात्री पुन्हा सात.

"मामा, हात लावू नका, ते शिकतंय."

"किती दिवस शिकणार?"

"तुम्ही बदललंत की पुन्हा पहिल्यापासून."

आमच्या घरात एवढ्या मानाने आजवर कुणाचाही अभ्यास झालेला नाही.

हात लावायचा नाही म्हणून मी नुसता बघायला लागलो. दिवसातून वीस वेळा आपल्याच साइटवर जायचं, बूट उघडायचा, बंद करायचा. परिणाम असा की बातम्या उघडल्या तरी बाजूला एल-२०४. हवामान बघायला गेलो तरी एल-२०४. वीस वेळा बघून न घेणारं गिऱ्हाईक म्हणजे मी यंत्राच्या लेखी पिकलेलं फळ. माझ्याच पैशांनी माझाच बूट माझ्याच मागे लागला होता, आणि खरं सांगायचं तर दोनदा मला तो घ्यावासाही वाटला.

महिन्याभराने पोऱ्या गोदामातून ओरडला, "मालक, रिटर्न वाढलेत!"

मी काउंटरवरून उठून अक्षरशः धावत गेलो. तो खोक्यांच्या ढिगाशेजारी उभा होता. परत आलेले जोड. लोक आठ आणि नऊ दोन्ही साइज मागवतात, घरी घालून बघतात आणि एक धाडून देतात. अहवालात मात्र दोन्ही विक्री म्हणून जमा. परत आलेलं आपण जाऊन सांगावं लागतं, आणि आम्ही सांगितलं नव्हतं. बरेच जोड 'रंग वेगळा निघाला' म्हणून आले होते. तो रंग फोटोत उजळ मीच केला होता. बायकोने वहीतून ढिगाची वजाबाकी केली. जो आकडा उरला तो मी भाच्याला सांगितलेला नाही, त्याचं वय लहान आहे.

यानंतर मात्र काम तिनेच हातात घेतलं. तिला यंत्रातलं काही कळत नाही, दुकानातलं कळतं. तिने विचारलं, "ज्या बुटात फक्त पाच आणि अकरा नंबर उरलेत, त्याची जाहिरात का चालू आहे?" कुणाकडे उत्तर नव्हतं. साइज तुटलेला माल आम्ही जगभर मिरवत होतो. लोक येत, आपला नंबर नाही बघून जात, आणि आम्ही प्रत्येक खेपेचे पैसे मोजत होतो. ते जोड तिने बाहेर काढले. मग जास्त सुटणारे एका गटात, कमी सुटणारे दुसऱ्या, वारंवार परत येणारे तिसऱ्यात. प्रत्येक गटाला वेगळा आकडा. भाचा म्हणाला, यालाच कस्टम लेबल म्हणतात. ती म्हणाली, याला कपाट आवरणं म्हणतात.

एक गोष्ट मी तिच्यापासून बरेच दिवस लपवली. गूगलने वस्तू शोधायची ही सोय २००२ साली सुरू केली तेव्हा तिचं नाव होतं फ्रूगल, काटकसरी या अर्थाच्या इंग्रजी शब्दावरून. पुढे २०१२ मध्ये तिथे झळकायला पैसे पडू लागले, आणि २०२० पासून फुकट यादीही परत आली. म्हणजे बाजूला फुकटची खिडकी उघडी होती. एक बटण दाबायचं होतं. ते मी जाहिरातीचंच काहीतरी असेल, उगाच खर्च नको, म्हणून बंद ठेवलं होतं.

गेल्या आठवड्यात एक गृहस्थ दुकानात आले, फोनवर आमचीच जाहिरात दाखवली, जोड घालून चार पावलं चालले आणि रोख देऊन गेले. मी आनंदाने भाच्याला फोन केला. तो म्हणाला, "मामा, हे अहवालात दिसणार नाही." त्या दिवसापासून बायकोने वहीत एक रकाना आखलाय, आणि येणाऱ्या प्रत्येकाला मी विचारतो, कुठे बघून आलात?

काल एकजण ओले केस पुसत आत शिरले. बराच वेळ इकडेतिकडे बघून त्यांनी एल-२०४ घेतला, पूर्ण किमतीला. मी विचारलं.

"कुठे बघून नाही हो. पाऊस आला म्हणून शिरलो."

बायकोने रकान्यात लिहिलं: पाऊस, एक जोड, खर्च शून्य. मग चष्म्यावरून माझ्याकडे बघत म्हणाली, "याला किती रिटर्न म्हणायचा, ते विचारा भाच्याला."