गाळा लातूरचा, किल्ली श्टुटगार्टची

दिवाळीत लातूरला गेले होते. फराळाच्या ताटावर नेहमीचा विषय निघाला, वरच्या खोल्या भाड्यानं द्यायच्या की कुलूप घालून ठेवायच्या. मामांचं ठाम मत, "भाडेकरू बारा महिने राहिला की घर त्याचं होतंय, म्हणून अकराचंच बोलावं." आतेभावाचं म्हणणं, कायदाच भाडेकरूच्या बाजूनं झुकलेला आहे, तो मोडीत काढल्याशिवाय आपल्यासारख्यांचं काही खरं नाही. मग माझ्याकडं बघून म्हणाला, "तुमच्या जर्मनीत बरंय. तिथं कायदा कडक."

तेव्हा धड उत्तर देता आलं नाही, ते आता देते. श्टुटगार्टमध्ये मी नऊ वर्षं भाडेकरू आहे आणि लातुरात माझ्या आईचं घर भाड्यावर चालतं. दोन्ही बाजूंचा घोर मला ठाऊक आहे.

जर्मनीत कायदा कडक आहे, पण तो घरमालकासाठी. इथं सहसा करार बेमुदत असतो. मला सोडायचं असेल तर तीन महिन्यांची नोटीस पुरते. मालकिणीला मात्र ठोस कारण लागतं आणि मी आठ वर्षांपेक्षा जास्त राहिलेली असल्यानं तिला मला नऊ महिन्यांची मुदत द्यावी लागेल. अनामत तीन महिन्यांच्या मूळ भाड्यापेक्षा जास्त घेता येत नाही आणि ती मालकाच्या पैशापासून वेगळ्या खात्यात ठेवावी लागते. घर खाली करून घ्यायचा दावा इथंही महिनोन्‌महिने चालतो. घरं कमी आहेत, मला पहिलं घर मिळायला पाच महिने लागले. इथं सगळं आलबेल आहे असं मी म्हणणार नाही.

तरीही पेन्शनवर जगणारी माझी मालकीण निर्धास्त आहे. किल्ली दिली तो दिवस मला आठवतो. हातात चार पानांचा तक्ता घेऊन ती माझ्यासोबत खोली-खोली फिरली. स्वयंपाकघरात ओट्याजवळची फरशी तडकलेली होती, ते लिहिलं. वीज, पाणी, हीटर यांच्या मीटरचे आकडे लिहिले. किल्ल्या मोजल्या, पाच भरल्या. खाली दोघींच्या सह्या. मला तेव्हा अपमान झाल्यासारखं वाटलं, ही बाई मला चोर समजते की काय! आता वाटतं, तो तक्ता माझाही होता. तडकलेल्या फरशीचे पैसे उद्या माझ्याकडून कुणी मागू शकणार नाही.

माझ्या वडिलांनी, अण्णांनी, असा कागद आयुष्यात केला नाही. ते शिक्षक होते. निवृत्तीचा पैसा त्यांनी वरच्या मजल्यात घातला. लातुरात असे मालक गल्लोगल्ली आहेत. मराठवाडाभरातून पोरं मेडिकलच्या नीट परीक्षेच्या तयारीला येतात, सोबत आई नाहीतर आजी येते, एका खोलीत गॅस मांडून दोन वर्षं राहते. गावाकडं बाप एकटा शेत बघतो. अण्णा म्हणायचे, "कागद कशाला, आपलीच माणसं हैत." खोल्यांच्या बाबतीत ते खरं ठरलं. 2016 साली मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं त्या उन्हाळ्यातसुद्धा टँकरचे पैसे वाटून घेताना कुणी कुरकुर केली नाही.

खालच्या गाळ्यानं मात्र दगा दिला. 2012 मध्ये तो तीन हजारांवर तोंडी दिला होता, दरवर्षी पाचशे वाढवायचे असं बोलणं झालं होतं. मधली काही वर्षं वाढ मिळाली, मग थांबली. अण्णा गेल्यावर भाडेकरू म्हणाला, "गुरुजींनी तीन हजार कायमचे ठरवले होते, वरचे मी आपले माणुसकीनं दिले." आम्ही तावातावानं वकिलाकडं गेलो. त्यांनी महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याचं कलम 55 उघडून समोर ठेवलं. करार लेखी हवा, नोंदवलेला हवा आणि नोंदवायची जबाबदारी घरमालकाची. तो नसेल तर उलट सिद्ध होईपर्यंत अटींबद्दल भाडेकरू सांगेल तेच धरलं जातं. शिवाय मालकाला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. आई खुर्चीत बसून ऐकत होती. बाहेर आल्यावर एवढंच म्हणाली, "म्हणजे चूक ह्यांचीच."

म्हणूनच मामांचा अकरा महिन्यांचा मंत्र मला पटत नाही. वर्षाहून जास्त मुदतीचा भाडेपट्टा नोंदवावाच लागतो, ते टाळायला अकराची वहिवाट पडली. बारा महिन्यांनी कुणी मालक होत नाही. आणि 31 मार्च 2000 रोजी हा कायदा लागू झाला, निजामी मुलखातला 1954 चा जुना हैदराबाद भाडे कायदा गेला, तेव्हापासून अकरा महिन्यांचा करारही नोंदवावाच लागतो. आतेभावालाही हेच सांगणं आहे. कलम 24 बघ. राहण्यासाठी दिलेल्या जागेचा लीव्ह अँड लायसन्स करार, म्हणजे ठरावीक मुदतीपुरती जागा वापरायची परवानगी, असेल तर मुदत संपल्यावर नेहमीच्या दिवाणी दाव्यात न पडता सक्षम प्राधिकाऱ्याकडं अर्ज करता येतो आणि जागा न सोडणाऱ्याला दुप्पट दरानं भरपाई द्यावी लागते. एवढं हत्यार जर्मन मालकाच्या हातात नाही. ते वापरायचा खर्च म्हणजे एकूण भाड्याच्या 0.25 टक्के मुद्रांक आणि शहरात हजार रुपये नोंदणी फी. सहा हजारांच्या खोलीला मुद्रांक दोनशेच्या आसपास पडतो. आपण तेवढे वाचवतो आणि कायद्याला शिव्या देतो.

जमिनीचं दुखणं याहून जुनं. जर्मनीत नोटरीशिवाय जमीन विकता येत नाही आणि भूमी-नोंदवहीत ज्याचं नाव, त्यावर विश्वासून व्यवहार करणाऱ्याला कायदा सांभाळतो. आपल्याकडं दुय्यम निबंधक दस्त नोंदवतो, मालकीची हमी देत नाही. त्यात मराठवाड्यात मदतमाश, खिदमतमाश अशा इनामी जमिनी, वर्ग 2 चे, म्हणजे सरकारी परवानगीशिवाय विकता न येणाऱ्या जमिनीचे शेरे. माझ्या चुलतभावानं एक गुंठा नोटरीच्या बॉण्डवर घेतला, सातबारा बघितलाच नाही. असा कागद मालकी देत नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं 2011 मध्येच स्पष्ट केलंय. त्याची चार वर्षांची बचत त्या बॉण्डमध्ये अडकली आहे आणि त्याच्यावर रागवावं तरी कसं, बिगरशेती (एन.ए.) प्लॉट त्याच्या आवाक्यात कधी नव्हताच.

एका बाबतीत मात्र मी आतेभावाच्या बाजूची आहे. घर माझ्या नावावर आलं असतं तर मी अनिवासी, म्हणून सहा हजार भाडं देणाऱ्या बाईनं त्यातून 31.2 टक्के कर कापून सरकारात भरायला हवा. मालक भारतात राहणारा असेल तर महिन्याला पन्नास हजारांपर्यंत भाडेकरूला काहीच कापावं लागत नाही. अहमदपूर तालुक्यातून पोरीसाठी आलेल्या माऊलीनं हे कसं करायचं? माझ्याकडून कर जरूर घ्या, पण तो कापायचं ओझं तिच्यावर टाकू नका. मी म्युनिकच्या भारतीय वाणिज्य दूतावासात मुखत्यारपत्र साक्षांकित करून घेतलं आणि माझा हिस्सा हक्कसोड करून आईला दिला.

जूनमध्ये आईनं चारही खोल्यांचे करार नोंदवले. एजंट यंत्र घेऊन घरीच आला. त्या बाईचा अंगठा उमटेना, राबून रेषा झिजलेल्या. चौथ्या वेळी उमटला. "ताई, ह्याची एक प्रत मला पण द्यायची का?" तिनं विचारलं. आईनं दिली. पोरीच्या हॉल तिकिटाच्या पिशवीत तिनं ती नीट घडी घालून ठेवली.

गाळ्याच्या दाव्याची पुढची तारीख फेब्रुवारीत आहे.