प्रेसवाल्यांचं घर

नाशिकरोडला, जेलरोडच्या एका जुन्या कॉलनीत मी घर विकत घेतलं, असं खरेदीखतात लिहिलेलं आहे. कॉलनीला ते मान्य नाही. कॉलनीच्या लेखी मी 'प्रेसवाल्यांच्या घरात राहायला आलेले ते' आहे. आधीचे मालक नोटप्रेसमधून निवृत्त झाले, घर विकून मुलाकडे पुण्याला गेले आणि जाताना नाव इथेच ठेवून गेले. दूधवाला, गॅसवाला, लग्नपत्रिका वाटणारे, सगळे प्रेसवाल्यांच्याच दारी येतात. मी हौसेने गेटला माझ्या नावाची पितळी पाटी लावली. समोरच्या काकूंनी ती चष्मा लावून वाचली आणि विचारलं, "भाडेकरू ठेवला का?"

इथे आडनाव फक्त मतदारयादीपुरतं. एरवी माणूस प्रेसवाला, थर्मलवाला, रेल्वेवाला, नाहीतर आर्टिलरीवाला. 1928 पासून नोटा छापणारी प्रेस, एकलहऱ्याचं वीज केंद्र, तोफखाना आणि स्टेशन यांनी या भागात पगार आणले, पगारातून बंगल्या उभ्या राहिल्या आणि त्यांतून यथावकाश काका तयार झाले. मी घरी बसून लॅपटॉपवर काम करतो, म्हणजे कुठलाच 'वाला' नाही. काकूंचा अंदाज असा की माझी नोकरी गेलेली आहे आणि मी घरी अजून सांगितलेलं नाही. त्या माझ्या बायकोकडे फार मायेने बघतात.

अंगणात कढीपत्ता आहे. खरेदीखतात त्याचा उल्लेख नाही, त्यामुळे तो कॉलनीचा. सकाळी पोह्यांच्या वेळेला गेटची कडी वाजते, एक हात आत येतो, डहाळी बाहेर जाते. मी खिडकीतून डोकावलो तर हाताची मालकीण म्हणते, "झोपा, झोपा. माझं मी घेते."

पण खरा प्रसंग ओट्याचा. गेटबाहेरचा ओटा फोडून गाडी आत घ्यायला रॅम्प करावा, एवढीच माझी इच्छा होती. गवंड्याने घण उचलला आणि थर्मलवाले काका चहाचा कप घेऊन येऊन ओट्यावर बसले. घण हवेतच राहिला.

"फोडा की," काका म्हणाले. "आमचं काय, आज आहोत, उद्या नाही."

या वाक्यानंतर महाराष्ट्रात कुणालाही ओटा फोडता येत नाही. मग एकेक जण जमले. तारखा इथे सिंहस्थात मोजतात. वरचं बाथरूम 2003 च्या सिंहस्थातलं, पाहुण्यांची रांग लागायची म्हणून बांधलेलं; 2015 ला याच ओट्यावर निम्मं विदर्भ झोपलं होतं; आणि 2027 ला त्यांनी झोपायचं कुठे, हा सवाल मला विचारण्यात आला. विदर्भात माझं कुणीही नाही. तेवढ्यात गवंड्याच्या वडिलांनीच हा ओटा बांधल्याचं निष्पन्न झालं. तोही घण ठेवून बसला. चहा आमच्याकडून गेला, दिवसाची मजुरीही. गाडी रस्त्यावर कडुनिंबाखाली असते आणि रोज सकाळी तिचा मूळ रंग कुठला, हे आठवावं लागतं.

पुढे हॉलमध्ये फरशीखालून पाणी झिरपायला लागलं. पंचकहून प्लंबर आला. पोरगा हुशार, पण त्याच्याआधी कॉलनी पोचली होती.

"ही नगरपालिकेच्या वेळची लाइन," रेल्वेवाले काका म्हणाले. तेव्हा नाशिकरोड-देवळालीची नगरपालिका वेगळी होती. 1982 ला महापालिका झाली, पण आमच्या पाइपाला ते कुणी कळवलेलं दिसत नाही. काकांच्या मते पाइप दिवाणाखाली, काकूंच्या मते देवघराखाली. मला कुणी विचारलं नाही, आणि विचारलं असतं तरी मी काय सांगणार? शेवटी पुण्याला व्हिडिओ कॉल लागला. पडद्यावर बनियनमधले प्रेसवाले अवतरले. त्यांनी आधी सगळ्यांची चौकशी केली, कुणाचा गुडघा, कुणाची सून. मग म्हणाले, "जरा फिरवा फोन." मी माझ्याच घरात त्यांना माझंच घर दाखवत फिरलो. एका कोपऱ्यात ते कडाडले, "कपाट हलवलं? कुणाला विचारून?"

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी खाली पाहिलं.

"कपाट होतं ना, त्याच्या डाव्या पायाखाली फोडा."

फोडलं. पाइप तिथेच होता, अगदी वीतभर खाली. जयजयकार झाला, फोन हातोहात फिरला, काकूंनी आतून माझीच साखर घेऊन सगळ्यांना चहा केला. प्लंबरने जोड बसवला, हात पुसले आणि विचारलं, "पैसे कुणाकडून घ्यायचे?"

काका, काकू आणि पडद्यावरचे प्रेसवाले, तिघांनी एकदमच माझ्याकडे बोट केलं.

"हे काय, मालक इथेच उभे आहेत की!"